प्राण्यांच्या माहितीला बोध चिकटवू नका



परिपाठात बोधकथा सांगायची आपल्या सगळ्यांनाच सवय आहे. मुंगी कष्टाळू, कोल्हा लबाड, कुत्रा इमानी. गोष्ट म्हणून ते ठीकच आहे. कोल्हा खरंच बोलत नाही हे पहिलीच्या मुलालाही कळतं. पण हल्ली एक वेगळाच प्रकार दिसतो. "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय" म्हणून प्राण्याची माहिती सांगायची आणि शेवटी तिला एक बोध चिकटवायचा. माझ्या मते हे थांबायला हवं. का, ते एका छोट्या प्राण्याच्या उदाहरणावरून सांगते.

प्रेअरी व्होल कोण?

व्होल म्हणजे उंदराच्या नात्यातला प्राणी. तोंड बोथट, कान केसांत दडलेले, शेपटी आखूड. भारतात काही व्होल हिमालयात उंचावर राहतात. आपल्याकडे ते नाहीत, त्यामुळे त्यांना रुळलेलं मराठी नाव नाही. प्रेअरी व्होल अमेरिकेच्या मध्यभागातल्या गवताळ प्रदेशात राहतो. वजन साधारण 40 ग्रॅम.

1970च्या दशकात इलिनॉय राज्यात लॉवेल गेट्झ हे शास्त्रज्ञ व्होलची मोजणी करत होते. पिंजऱ्यात धान्य ठेवायचं, व्होल जिवंत पकडायचा, खूण करून सोडून द्यायचा. त्यात एक गंमत दिसली. तोच नर आणि तीच मादी पुन्हा पुन्हा एकाच पिंजऱ्यात सापडायची! पुढे कळलं की हे व्होल जोडीने राहतात. नर पिल्लांना ऊब देतो, चाटून स्वच्छ करतो, परक्या व्होलला हाकलतो. सस्तन प्राण्यांत अशा जोडीने राहणाऱ्या जाती शंभरात दहासुद्धा नाहीत.

झालं! "बघा मुलांनो, एवढासा प्राणीसुद्धा आयुष्यभर एकनिष्ठ राहतो" असा बोध तयार.

पण पुढचं कोण सांगणार?

रानातल्या पिल्लांची जनुकीय तपासणी झाली तेव्हा काही पिल्लांचा बाप घरट्यातला नर नसून दुसराच निघाला. काही नर तर जोडी करतच नाहीत, नुसते भटकत राहतात. काही घरट्यांत मोठी झालेली पिल्लं आईवडिलांजवळच थांबतात आणि मोठं कुटुंब तयार होतं. आणि "आयुष्यभर" म्हणजे किती? साप, घुबड, ससाणे टपलेले असतात. रानातले बहुतेक व्होल काही महिनेच जगतात.

जनुकांचंही तसंच. मेडो व्होल ही जवळची जात अशी जोडी करत नाही. 2004 साली शास्त्रज्ञांनी प्रेअरी व्होलमधलं व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाच्या रिसेप्टरचं जनुक मेडो व्होल नरांच्या मेंदूच्या एका भागात पोचवलं. ते नर ओळखीच्या मादीजवळ जास्त वेळ बसू लागले. ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकाला तर लोक "प्रेमाचं रसायन" म्हणू लागले. पण 2023 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ऑक्सिटोसिनचा रिसेप्टरच नसलेले प्रेअरी व्होल तयार केले, आणि त्यांनीही जोड्या केल्या! म्हणजे गोष्ट एका रसायनाची नाही, एका जनुकाची तर नाहीच.

हे सगळं चौथीच्या मुलांना सांगायचं नाही. पण बोध सांगणाऱ्या मोठ्यांना तरी माहीत हवं.

बोध कुणाला लागतो?

माहिती अर्धवट आहे, एवढाच मुद्दा नाही. आपल्या वर्गात कोण बसलंय ते बघा. कुणाचे आईवडील ऊसतोडीला गेलेत आणि मूल आजीजवळ आहे. कुणाची आई एकटीने संसार ओढतेय. कुणाचे वडील वेगळे राहतात. "प्राणीसुद्धा पिल्लांना सोडत नाहीत" हे वाक्य आपण सहज बोलून जातो. त्या मुलाला त्यातून काय ऐकू येतं? माझं घर प्राण्यांपेक्षाही वाईट? मूल हे विचारणार नाही, खाली मान घालून बसेल.

मूल्यशिक्षण हवंच. पण प्रेम आणि जबाबदारी यांबद्दल माणसांच्या उदाहरणांतून बोलू या. व्होल आपल्याला शिकवण्यासाठी जोडी करत नाही.

मग वर्गात काय करायचं?

1. वहीत दोन रकाने आखा: "पाहिलं" आणि "वाटलं". मुलांना शाळेच्या आवारातल्या खारी दहा मिनिटं बघू द्या. "दोन खारी एकीमागे एक पळाल्या" हे पाहिलं. "त्या खेळत होत्या" हे वाटलं. कदाचित भांडत असतील! हा फरक कळला की परिसर अभ्यासाचं निम्मं काम झालं.

2. व्होलची संख्या कशी काढतात, ते चिंचोक्यांवर करून दाखवा. पिशवीत चिंचोके भरा, किती ते सांगू नका. 20 काढून खूण करा, परत टाकून चांगले हलवा. पुन्हा 20 काढा. त्यात 4 खुणेचे निघाले तर पाचातला एक खुणेचा, म्हणजे पिशवीत अंदाजे 100. मग मोजून बघा. अंदाज का चुकला, यावर मुलं तासभर बोलतील.

3. कोणतीही माहिती सांगितली की "हे कसं कळलं असेल?" असं विचारायची सवय लावा. पिंजऱ्याची गोष्ट इथे सांगा.

एक सूचना: खरे उंदीर पकडायला मुलांना अजिबात सांगू नका. लेप्टोस्पायरोसिससारखे आजार त्यांच्यापासून होतात.

पालकहो, घरीही हेच करता येईल. मोबाईलवर "या प्राण्याकडून शिका" असा संदेश आला की पुढे पाठवण्याआधी मुलाला विचारा, "यातलं पाहिलेलं किती आणि वाटलेलं किती?" उत्तर ऐकण्यासारखं असेल.