आरोग्यविचार : शस्त्रक्रियेपूर्वी एम.आर.आय. कशासाठी?

गर्भाशयाच्या मुखाला कर्करोग झाला आहे, असे निदान कानी पडताच घरची मंडळी म्हणतात, "पिशवी काढून टाका, म्हणजे झाले!" अशा वेळी डॉक्टरांनी एम.आर.आय. करावयास सांगितले की तो व्यर्थ खर्च व व्यर्थ विलंब वाटतो. परंतु वाचकहो, पिशवी काढावी की काढू नये, हाच या रोगातील मुख्य प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर पुष्कळ अंशी याच तपासणीत मिळते.

रोग आहे किंवा नाही, हे गाठीचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरते. तो किती वाढला व कोठवर पसरला, हे एम.आर.आय. दाखविते. त्यात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबक व रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातील मऊ भागांचे चित्र उमटते. गर्भाशयमुखाची निरोगी भिंत त्यात काळ्या कड्यासारखी दिसते आणि गाठ तिच्याहून उजळ. ते कडे सर्व बाजूंनी अभंग असेल, तर रोग आजूबाजूस शिरलेला नाही, असे बहुधा खात्रीने म्हणता येते.

पूर्वी रोगाची पायरी मुख्यतः हाताने तपासून ठरवीत. 2018 साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्या कामी अशा चित्रांचाही आधार घेण्यास मान्यता दिली. गाठ 4 सेंटिमीटरांहून लहान व मुखापुरतीच असेल, तर शस्त्रक्रिया करता येते. ती त्याहून मोठी असेल, अथवा रोग बाजूच्या भागांत वा लसीकाग्रंथींत गेला असेल, तर किरणोपचार व त्यांच्या जोडीला औषधे, हाच सहसा योग्य मार्ग. तेथे घाईने पिशवी काढली, तर रोग मागे राहण्याचे भय असते आणि किरणोपचार काही टळत नाहीत. दोहोंचे क्लेश त्या माउलीच्या वाट्यास येतात.

तपासणीस अर्धा-पाऊण तास लागतो. यंत्राचा आवाज मोठा असतो, पण वेदना होत नाहीत. मात्र निश्चल पडून राहावे लागते. साखळी, बांगड्या घरीच ठेवाव्यात. पेसमेकर, शरीरात बसविलेला धातू, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असल्यास आधीच सांगावे.

भगिनींनो, पाळी कायमची थांबल्यावर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पतिसंगानंतर रक्त गेले, अथवा अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाऊ लागले, तर लाजेने लपवू नका. आणि कोणी पिशवी काढण्याचा सल्ला दिलाच, तर "आधी तुकडा तपासला का? रोग कोणत्या पायरीवर आहे?" हे दोन प्रश्न निःसंकोच विचारा.