पेटी चालते, मग युकुलेले का नको?

शाळेत युकुलेलेच्या तासाला भोंडल्याची गाणी शिकवावीत म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला: वाद्य परकं, मातीतल्या गाण्याला ते शोभायचं नाही. असं म्हणणारे बहुतेक जण भजन मात्र पेटीवर म्हणतात! पेटी युरोपातलीच. आकाशवाणीनं १९४० मध्ये तिच्यावर घातलेली बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. संगीत नाटकांनी आणि कीर्तनकारांनी तिला त्याआधीच घरात घेतलं होतं. युकुलेले तर हवाईतही उपरंच. १८७९ मध्ये मदेइराहून होनोलुलूला उतरलेल्या पोर्तुगीज मजुरांच्या छोट्या तंतुवाद्यांतून ते घडलं.

शिवाय त्याच्या तारा बघा. पांढरी एक हा सा धरला, तर चार मोकळ्या तारा प, सा, ग, ध अशा बोलतात. सा-च्या तारेवर दुसऱ्या पडद्याशी बोट ठेवलं की रे. म्हणजे एका बोटात भूपाचे पाचही स्वर हाती. चारपाच स्वरांत फिरणाऱ्या चालींना आणखी काय हवं?

पडद्यांच्या वाद्यात गळ्याचा लगाव येत नाही, हे मात्र खरं. जात्यावरची ओवी गाणारीच्या श्वासावर लांबते, आखडते. तिला पडद्यांत कोंबू नये. ती ऐकवावी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्यांतल्या हजारोंचं ध्वनिमुद्रणही आहे.

पण माझं खरं भांडण युकुलेलेच्या कैवाऱ्यांशी आहे. कुठलंही गाणं घ्यायचं, सी, एफ, जी-सेव्हन हे तीन कॉर्ड चढवायचे आणि वर्गभर खाजवत सुटायचं! एका सा-वर ठाण मांडून बसलेली चाल मग कॉर्डच्या सोयीनं सरकते. मुलांना कॉर्ड येतात, गाणं येत नाही. कॅनडात हॅलिफॅक्सच्या शाळांमध्ये युकुलेले रुजवणाऱ्या चाल्मर्स डोन यांनी गाणं, चाल वाजवणं आणि स्वरलेखन वाचणं एकत्र शिकवलं. आपण त्यातलं खाजवणं तेवढं उचललं.

शब्दांनाही हात लावू नये. कारल्याच्या वेलाच्या गाण्यातली सासू सुनेला माहेरी धाडायचं एकेक निमित्त काढून लांबवते. तिला वगळून तिथं झाडं लावण्याचा संदेश घातला, तर उरतं काय? खाष्ट सासूची टवाळी सातवीतल्या मुलींना बरोबर कळते, आणि मुलग्यांनाही कळायला हवी.

मग करायचं कसं? आधी कुणाच्या तरी आजीकडून गाणं तोंडी घ्यावं. अर्ध्या वर्गानं प आणि सा या लगतच्या तारा अंगठ्यानं छेडत तुणतुण्यासारखा सूर धरावा, उरलेल्यांनी चाल वाजवावी, मग अदलाबदल. वाद्य हलकं आहे, गळ्यात अडकवून पाटावरच्या हत्तीभोवती फेरही धरता येतो. या गाण्यांची लय पावलांतच आहे. खुर्च्या तेवढ्या आधी भिंतीला लावून टाकायच्या.