ब्रेन ट्यूमरच्या रुग्णाला ताप आला, बोलणं बिघडलं. दरवेळी गाठच वाढलेली असते का?

ऑपरेशन झालं, रेडिएशन सुरू झालं. काही आठवड्यांनी रुग्णाला ताप आला, तो असंबद्ध बोलू लागला, फिट आली. घरच्यांच्या मनात पहिला विचार येतो, 'गाठ पुन्हा वाढली.' अनेकदा ते खरंही असतं. पण क्वचित कारण वेगळंच निघतं: हर्पिस विषाणू.

हा विषाणू येतो कुठून?

बहुतेक वेळा तो आधीपासून शरीरातच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या ५० वर्षांखालच्या सुमारे ६४ टक्के लोकांना हर्पिस सिम्प्लेक्स-१ ची लागण झालेली आहे. ओठांवर फोड आणणारा तो हाच. नागिणीचा विषाणूही याच कुळातला. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या, तरी तो मज्जातंतूंमध्ये दडून राहतो. प्रतिकारशक्ती या विषाणूंना दाबून ठेवते.

मग तो जागा का होतो?

ग्लायोब्लास्टोमा या आक्रमक ट्यूमरवर साधारण सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या देतात. मेंदूची सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही लागतं. हे उपचार गरजेचेच आहेत. पण त्यात विषाणूंशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशी घटतात आणि दडलेला विषाणू डोकं वर काढू शकतो. टेमोझोलोमाइडच्या युरोपातल्या माहितीपत्रकात हर्पिसमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचा इशारा आहे. असे काही रुग्ण दगावल्याचीही त्यात नोंद आहे.

ओळखणं अवघड का?

लक्षणं सारखीच असतात. एमआरआयमध्ये ट्यूमर, सूज आणि संसर्ग यांतला फरक नेहमी कळत नाही. पाठीतलं पाणी काढून पीसीआर चाचणी केली, तर विषाणू सापडतो. पण मेंदूतला दाब वाढला असेल, तर पाणी काढणंच धोक्याचं ठरतं. आणि निव्वळ सूज समजून स्टेरॉइड वाढवलं, तर प्रतिकारशक्ती आणखी खालावते.

म्हणूनच दाट शंका असेल, तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता शिरेतून असायक्लोविर सुरू करतात. हर्पिस सिम्प्लेक्सच्या मेंदूज्वरात उपचार मिळाले नाहीत, तर सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात.

घरच्यांनी काय करावं?

ताप, वागण्यात अचानक बदल, फिट किंवा अंगाच्या एकाच बाजूला फोड दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. स्टेरॉइड मात्र स्वतःहून बंद करू नका. ते एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. गाठ वाढली असेल असं धरून घरी थांबलं, तर ज्यावर औषध आहे असा आजारही हाताबाहेर जाऊ शकतो.