एका मतदाराची तीन मते

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाचीचा दर रविवारी फोन येतो. ऑक्टोबरभर आणि निम्मा नोव्हेंबर तिच्या बोलण्यात एकच विषय होता, तो म्हणजे तिथल्या सरकारचे बंद पडलेले कामकाज. १ ऑक्टोबरला सुरू झालेला हा प्रकार १२ नोव्हेंबरच्या रात्री संपला. एकूण ४३ दिवस; त्या देशाच्या इतिहासात इतका दीर्घ काळ असे कधी घडले नव्हते. सिनेटमध्ये खर्चाच्या विधेयकाला पुरेशी मते मिळेनात, म्हणून लाखो कर्मचाऱ्यांचे पगार अडकले. आता तिथे २०२६ च्या ३ नोव्हेंबरची चर्चा सुरू झाली आहे. त्या दिवशी प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ आणि सिनेटच्या ३५ जागांसाठी मतदान होईल. राष्ट्राध्यक्ष मात्र तेच राहतील. अशा मध्यावधी निवडणुकीत राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाच्या प्रतिनिधिगृहातील जागा घटतात, असा तिथला अनुभव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर याला १९९८ आणि २००२ असे दोनच अपवाद. गेल्या निवडणुकीत त्या गृहात २२० विरुद्ध २१५ असे बलाबल झाले होते, तेव्हा पारडे फिरण्यास फार वजन लागणार नाही.

हे सारे सांगून झाल्यावर तिने विचारले, “मामा, तुमच्याकडे काय वातावरण आहे?” तिला बहुधा बिहारच्या निकालाविषयी ऐकायचे होते. मी तिला श्रीरामपूरच्या नगरपरिषदेविषयी सांगू लागलो.

वाचक बंधु-भगिनींनो, यात विनोदाचा भाग नाही. राज्य निवडणूक आयोगाने ४ नोव्हेंबरला २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर केला. त्यात मंगळवार, २ डिसेंबरला मतदान आणि दुसऱ्या दिवशी मोजणी ठरविण्यात आली होती. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, राहाता, शिर्डी, राहुरी, देवळाली प्रवरा, पाथर्डी, शेवगाव, जामखेड व श्रीगोंदा या ११ नगरपरिषदा आणि नेवासा नगरपंचायत त्यात आहेत. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जाईल आणि नगरसेवक प्रभागातून. म्हणजे एकाच दिवशी, एकाच केंद्रात, आपण गावाचा कारभारी निवडणार आणि त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारे सभागृहही निवडणार. अमेरिकेची राज्यव्यवस्था ज्या दोन पायांवर उभी आहे, तेच दोन पाय तालुक्याच्या गावात आपल्याला दिलेले आहेत. ते एकाच दिशेने चालतील, याची हमी मात्र ना तिथे आहे, ना इथे.

मागील वेळचे उदाहरण माझ्या स्वतःच्या मताचे आहे. २०१६ चा तो नोव्हेंबर कोणताही बँक कर्मचारी विसरू शकणार नाही. ८ तारखेच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. त्याच दिवशी अमेरिकेत मतदान होते आणि दुसऱ्या दिवशी तिथला निकाल लागला. शाखेत पहाटेपासून लागलेल्या रांगांपुढे त्या निकालाकडे पाहण्यास कोणाला सवड नव्हती. मध्येच आदेश आला की, नोटा बदलून नेणाऱ्यांच्या उजव्या तर्जनीला शाई लावा. डाव्या हाताची तर्जनी मतदानासाठी राखून ठेवली होती. २७ नोव्हेंबर, रविवार. मी कसाबसा अर्धा तास काढून मतदान केंद्रावर पोहोचलो. नगराध्यक्षाचे बटण विचारपूर्वक दाबले आणि वळलो. यंत्राचा लांब आवाज झालाच नव्हता. केंद्रावरील कर्मचारी म्हणाले, “साहेब, अजून दोन मते राहिली.” मी परत गेलो. त्या दोन जागांच्या उमेदवारांपैकी एकाशी जुनी ओळख होती, म्हणून त्याच्या नावापुढचे बटण दाबले. दुसऱ्या जागेचे कोणते दाबले, ते आज आठवतही नाही.

निकाल लागला तेव्हा श्रीरामपुरात नगराध्यक्षपदी राष्ट्रवादीच्या अनुराधा आदिक निवडून आल्या आणि सभागृहात बहुमत काँग्रेसच्या नगरसेवकांचे झाले. कोपरगावात तर अपक्ष विजय वहाडणे नगराध्यक्ष झाले आणि समोर सभागृहात बहुमत पक्षांच्या नगरसेवकांचे. लोक म्हणाले, मतदारांनी मोठ्या चातुर्याने सत्तेचा समतोल साधला. माझ्या मताविषयी मी एवढेच सांगू शकतो की त्यात चातुर्य नव्हते, घाई होती.

थेट निवडणुकीच्या विरोधात लिहिण्याचा हेतू नाही. अप्रत्यक्ष निवडणुकीत काय घडते, तेही याच जिल्ह्याने पाहिले आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नगर महापालिकेच्या ६८ जागांपैकी शिवसेनेला २४, राष्ट्रवादीला १८ आणि भाजपला १४ जागा मिळाल्या. महापौर मात्र राष्ट्रवादीच्या पाठिंब्याने भाजपचा झाला. तिसऱ्या क्रमांकाचा पक्ष पहिल्या खुर्चीवर बसला, कारण महापौर नगरसेवक निवडतात. एप्रिल २०२५ मध्ये कर्जत नगरपंचायतीत सदस्य दुसऱ्या बाजूला गेले आणि नगराध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला; तिथेही निवड सदस्यांतूनच झाली होती. उलट श्रीगोंद्यात जानेवारी २०१९ मध्ये थेट निवडणूक झाली. नगराध्यक्षपदी काँग्रेसच्या शुभांगी पोटे आल्या आणि सभागृहात बहुमत भाजपचे. योगायोग असा की त्याच आठवड्यात अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि प्रतिनिधिगृह यांच्यातील भिंतीच्या खर्चाच्या वादामुळे ३५ दिवस बंद राहिलेली सरकारी कार्यालये उघडत होती.

कायदा करणाऱ्यांचेही यावर एकमत नाही. २०१६ मध्ये थेट निवड आणली, २०२० मध्ये काढली, २०२२ मध्ये पुन्हा आणली. सरकार बदलले की नगराध्यक्ष निवडण्याची रीत बदलते. पेढीवर मालक बदलला म्हणून कोणी खतावणीची पद्धत बदलत नाही.

आता व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहू. नगराध्यक्ष सभेचे अध्यक्षस्थान भूषवितात, स्थायी समितीचे सभापती असतात, समसमान मते पडल्यास त्यांचे मत निर्णायक ठरते. प्रशासन मुख्याधिकारी चालवतात आणि ते शासनाने नेमलेले असतात. परंतु घरपट्टी-पाणीपट्टीचे दर, अंदाजपत्रक, बाजारओट्यांची व्यवस्था, नगरपरिषदेच्या गाळ्यांचे भाडेपट्टे, हे सारे विषय सर्वसाधारण सभेच्या ठरावाने चालतात, आणि ठराव होतो तो हातांच्या संख्येने. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे संयुक्त सह्यांचे खाते आहे. एकाच सहीचा धनादेश कितीही मोठ्या माणसाचा असला, तरी परत जातो.

असा परत गेलेला एक धनादेश माझ्या चांगला लक्षात आहे. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी जिल्ह्यातील एका शाखेत होतो. गावाचे नाव लिहीत नाही. तिथे आपल्याच समाजातील एक किराणा व्यापारी आमचे जुने ग्राहक होते. वडिलांपासून नगरपरिषदेच्या गाळ्यात दुकान. दिवाळीपूर्वी माल भरायचा म्हणून त्यांनी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागितली. उलाढाल उत्तम, खाते स्वच्छ. मात्र गाळ्याचा भाडेपट्टा संपून वर्ष उलटले होते. नूतनीकरणाचा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर तीनदा आला आणि तिन्ही वेळा तहकूब झाला, कारण खुर्चीवर एक गट आणि बाकांवर दुसरा. गाळ्यांच्या भाड्याचा दर कोणी सुचवावा आणि श्रेय कोणी घ्यावे, यावर सभा मोडत असे. मी त्यांना म्हणालो, “शेठ, भाडेपट्ट्याशिवाय वरचे कार्यालय मंजुरी देणार नाही.” ते विश्वासाने म्हणाले, “साहेब, काळजी करू नका, नगराध्यक्ष आपलेच आहेत.” मी विचारले, “तुमच्या प्रभागाचे नगरसेवक कोण?” त्यांनी मुलाकडे पाहिले, मुलाने मोबाईलकडे.

नकाराचे पत्र माझ्याच सहीने गेले. त्या दिवाळीला त्यांनी माल उधारीवर, चढ्या भावाने उचलला. पुढे काही महिन्यांनी भाडेपट्टा झाला आणि मर्यादाही वाढली; पण गेलेला हंगाम कोणत्याही ठरावाने परत येत नाही. हे गृहस्थ दरवर्षी दिवाळीचे पत्र न चुकता पाठवीत. त्या वर्षी आले नाही. मी नियमाप्रमाणे केले, हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही ठाऊक असावे.

जकात होती तेव्हा नगरपालिकेशी आपला संबंध नाक्यावर रोजच येई. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली, नाके ओस पडले आणि व्यापाऱ्याचे नगरपालिकेकडील लक्षही उडाले. उत्पन्नाचा तो हमखास झरा आटल्यावर नगरपरिषदा शासनाच्या अनुदानावर अवलंबून राहू लागल्या. म्हणूनच प्रत्येक प्रचारसभेत ‘निधी आणू’ हे एकच आश्वासन ऐकू येते. निधी आणणे एक, तो कोणत्या रस्त्यावर खर्च व्हावा हे ठरविणे दुसरे. हे दुसरे काम सभागृहाचे.

कर बसविण्याचा अधिकार सभागृहाचाच, हे तत्त्व अमेरिकेच्या राज्यघटनेतही आहे. आपल्या निर्यातीवर ऑगस्टअखेरपासून लागलेले ५० टक्के आयातशुल्क राष्ट्राध्यक्षांनी १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याच्या आधारे लादले आणि तसा अधिकार त्यांना आहे काय, यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयात ५ नोव्हेंबरला सुनावणी झाली. ज्यांची मुले-मुली तिकडे आहेत किंवा ज्यांचा माल तिकडे जातो, त्यांना ही सुनावणी परकी वाटणार नाही. त्या ४३५ प्रतिनिधींमध्ये बेळगावात वाढलेले मराठी श्री ठाणेदारही आहेत, मिशिगनमधून निवडून आलेले. त्यांच्या गृहाची मुदत अवघी दोन वर्षांची. दर दुसऱ्या वर्षी मतदारांपुढे उभे राहावे लागते.

आपल्याकडे मुदत पाच वर्षांची, आणि ती संपल्यावर बहुतेक ठिकाणी जवळपास चार वर्षे निवडणूकच नाही. आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, तोवर प्रशासक. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ ची अंतिम मुदत घातली, तेव्हा हा कार्यक्रम लागला. या काळात सभेत वाद झाले नाहीत, विषय तहकूब झाले नाहीत, हे खरे. पण गटार दुकानात शिरले तर कोणाच्या दारात जायचे, हेही कळत नव्हते. भांडणारे सभागृह मला त्या शांततेपेक्षा बरे वाटते.

यंदा कोण येईल, हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. एवढा अंदाज मात्र बांधता येतो की, १२ पैकी एकाहून अधिक गावांत नगराध्यक्ष एका बाजूचा आणि बहुमत दुसऱ्या बाजूचे, असे चित्र दिसू शकेल. राज्यात एकत्र सत्तेत असलेले पक्ष गावोगावी समोरासमोर आहेत; कोपरगावात काळे आणि कोल्हे ही दोन्ही घराणी सत्ताधारी युतीच्या पक्षांत असूनही लढत त्यांच्यातच आहे. अनेक ठिकाणी पक्षाऐवजी स्थानिक आघाड्या उभ्या आहेत. नगराध्यक्षाला मत चेहरा पाहून पडते, नगरसेवकाला भावकी आणि गल्ली पाहून. या दोन हिशेबांची बेरीज जुळलीच पाहिजे असे नाही, आणि जाणीवपूर्वक न जुळविलेली बेरीज चूक म्हणता येणार नाही. खुर्चीवर एका विचाराचा आणि बाकांवर दुसऱ्या विचाराचे सभागृह असावे, असे ज्याला विचारांती वाटते, त्याने तसे जरूर करावे.

नगरपरिषदेचा प्रभाग बहुधा दोन सदस्यांचा असतो, म्हणून मते तीन. तिन्ही मते नोंदवल्याखेरीज मतदान पुरे होत नाही. कोणीच पसंत नसेल तर प्रत्येक जागेसाठी ‘वरीलपैकी एकही नाही’चे बटण आहे. उमेदवारांची शपथपत्रे पाहावयास मिळतात. त्यांतील थकीत कर आणि कर्जाच्या रकमा वाचण्याची सवय मला अर्थात व्यवसायाने लागली आहे. लग्नसराई सुरू झाली आहे, २ तारखेला बाहेरगावी जाणारी कुटुंबेही असतील; त्यांनी सकाळी मतदान करून निघावे.

या खेपेस मी आधीच वहीत माझ्या प्रभागातील इच्छुकांची नावे लिहून घेतली आहेत. त्यांपैकी एक तरुण परवा घरी येऊन पाया पडून गेले. चहा झाला. मी त्यांना विचारले, “निवडून आलात तर नगरपरिषदेच्या गाळ्यांच्या भाडेपट्ट्यांविषयी सभेत तुमची भूमिका काय राहील?”

ते नम्रपणे म्हणाले, “काका, नगराध्यक्षपदाच्या उमेदवारांना विचारून सांगतो.”