आज्या कुठे गेल्या?

लेकीच्या बाळंतपणाला ऑस्ट्रेलियात निघाले, तेव्हा भिशीतल्या सगळ्याजणींनी बजावलं होतं, सिडनीचं ते ऑपेरा हाऊस बघितल्याशिवाय येऊ नकोस. बघितलं एका दुपारी, फोटोही काढला. बाकीचे तीन महिने मात्र सिडनीपासून सहाशे किलोमीटरहून लांब असलेल्या एका छोट्या गावात काढले. गावाचं नाव मोरी! फोनवर सांगितलं तर ह्यांना हसू आवरेना. म्हणाले, ‘बाळंतिणीला न्हाऊ घालायला बरं गाव मिळालं!’ आणि गंमत बघा, ते गाव खरोखरच आंघोळीच्या पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. १८९५ साली तिथे खोल बोअर मारली आणि जमिनीतून चांगलं कढत पाणी वर आलं. आजही सार्वजनिक तलावात ते पाणी सोडतात आणि गुडघेदुखीवाल्या आज्या लांबलांबून येऊन त्यात बसतात.

माझे गुडघेही बोलतातच. बाळ झोपलं की संध्याकाळी मी तिथे जायची. पोहण्याचे कपडे घालायचं काही या वयात जमलं नाही, म्हणून काठावरच पाय सोडून बसायची. आठ-दहा दिवसांनी एक गोष्ट लक्षात आली. गरम पाण्यातल्या आज्या जवळपास सगळ्या गोऱ्या. पलीकडे गार पाण्यात धबाधब उड्या मारणारी पोरं मात्र निम्मी तरी आदिवासी. त्या भागात पाच माणसांमागे एकाहून जास्त आदिवासी आहेत. गोमेरॉय लोक, मुळात ही भूमीच त्यांची. मग या पोरांच्या आज्या कुठे होत्या?

लेकीला विचारलं. ती तिथे औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिने २०२१च्या जनगणनेचे आकडे काढून दाखवले. ऑस्ट्रेलियातली सगळी माणसं वयाप्रमाणे एका रांगेत उभी केली, तर बरोबर मधल्या माणसाचं वय ३८ येतं. आदिवासींची वेगळी रांग लावली तर २४! आपल्याकडे ‘तरुणांचा देश’ म्हटलं की टाळ्या पडतात. मलाही आधी वाटलं, चांगलंच आहे की. जन्म जास्त म्हणून रांग तरुण, हे खरंच आहे, पण तेवढंच नाही. रांगेचं दुसरं टोकही तुटलेलं आहे. एकूण देशात पासष्टीपुढची माणसं शंभरात सतरा, आदिवासींत जेमतेम पाच-सहा. आदिवासी बाईचं सरासरी आयुष्य इतर बायकांपेक्षा आठ वर्षांनी कमी. आठ वर्षं म्हणजे बायांनो, नातवाच्या बारशापासून तिसरीत जाईपर्यंतचा काळ.

दिवाळीला आपली दहा-बारा घरं जमली होती, तिथे मी हा विषय काढला. एकीने करंजी हातात देत समजावलं, ‘काकू, त्या लोकांच्या फार नादी लागू नका. पितात, भांडतात, सरकारचे पैसे खातात.’ मी मान डोलावली. रात्री झोप येईना. यवतमाळला आमच्या गावाबाहेर पारध्यांचा बेडा आहे. त्याच्याबद्दल हेच वाक्य मी स्वतः किती वेळा बोलले असेन!

तलावावर एक आजी मात्र रोज दिसायची. तीन नातवंडं घेऊन यायची. तिकडे आदिवासींत मान असलेल्या वयस्क बाईला ‘आंटी’ म्हणतात, आपल्या मावशीसारखं. मीही आंटी म्हणायला लागले. मला वाटलं होतं माझ्याहून मोठी असेल. निघाली अठ्ठावन्नची, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. साखर, ब्लडप्रेशर आणि आता किडनीचं सुरू झालेलं. भाऊ पन्नाशीत गेला, बहीण त्याआधी. लेकीचं बरं नाही, म्हणून लेकीची पोरं हिच्याकडे.

‘मी १९६५ची,’ ती म्हणाली, ‘बस आली त्या वर्षीची.’ मला काही कळेना. मग तिने सांगितलं. गावच्या कौन्सिलने १९५५ साली ठरावच केला होता, आदिवासींना तलावात यायचं नाही. फेब्रुवारी १९६५मध्ये सिडनी विद्यापीठातले तिसेक विद्यार्थी बस करून आले. पुढारी चार्ल्स पर्किन्स, तो स्वतः आदिवासी. त्यांनी वस्तीवरची पोरं सोबत घेतली आणि तलावाच्या दारात उभे राहिले. गावकऱ्यांनी अंडी-टोमॅटो फेकले. मी तिला महाडचं चवदार तळं सांगितलं, १९२७चं. ती म्हणाली, ‘तुमच्याकडेही पाणीच का?’

तिच्या आईला लहानपणी घरून उचलून कूटामंड्राला नेलं होतं. आदिवासी मुलींना घरकाम शिकवायचं सरकारी वसतिगृह होतं ते, १९११ साली सुरू झालेलं. तिथून मुली गोऱ्यांच्या घरी कामाला जायच्या आणि पगार सरकारी बोर्डाकडे जमा व्हायचा. कितीजणींना तो कधी मिळालाच नाही. आई परत आली तेव्हा स्वतःची भाषा विसरलेली होती. स्वतः आंटीने तरुणपणी कपाशीत निंदण केलं. हो, तिथेही कापूसच! मैलोन् मैल वावरं, वेचणी यंत्राने. निंदणाला मात्र आदिवासी बायका-पुरुष लागायचे. २०००च्या आसपास तणनाशकाला दाद न देणारं बियाणं आलं आणि ती मजुरी आटली. आपल्याकडे परवानगी नसलेलं तसंच बियाणं चोरून पेरतात. आमच्याकडच्या निंदणाऱ्या बायकांचं काय होणार, हे मला मोरीत बसून पहिल्यांदा सुचलं.

मुलं उचलून नेण्याचा तो काळ संपला, असं आपण म्हणतो. २००८ साली पंतप्रधान केविन रुड यांनी संसदेत माफीही मागितली. पण आजही पालकांपासून काढून सरकारी देखरेखीत ठेवलेल्या मुलांपैकी दहात चार आदिवासी असतात. देशातल्या सगळ्या मुलांमध्ये त्यांचं प्रमाण शंभरात सहाच्या आसपास. १९९७ साली चौकशीचा मोठा अहवाल आला, तेव्हा हेच प्रमाण पाचात एक होतं. म्हणजे माफीनंतर वाढलंच की! मूल काढावंच लागलं तर आधी नात्यात द्यावं, हे कायद्यात लिहिलेलं आहे. पण नात्यात घर दोन खोल्यांचं, आजी आजारी, आजोबा नाहीत. मग कागदावर शेरा पडतो. म्हणून मोरीपासून दोनेकशे किलोमीटरवरच्या गनेडा गावात २०१४ साली आज्याच रस्त्यावर आल्या, आमची नातवंडं आम्हाला द्या म्हणून.

मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. परक्या घरात मूल ठेवायला सरकार पैसे मोजतंच ना? तेच पैसे आधी आजीच्या घराला, औषधाला, एका जास्तीच्या खोलीला का देऊ नयेत? दारू, मारहाण काही घरांत आहे, आंटीनेच सांगितलं, तिने लपवलं नाही. पोराला जीवाची भीती असेल तिथून काढलंच पाहिजे. पण काढून कुठे ठेवायचं, हा प्रश्न त्याच घराण्यातल्या म्हातारीला आधी विचारायला हवा, आणि तिला जगवायलाही हवं. १४ ऑक्टोबर २०२३ला मी तिथेच होते. आदिवासींचा सल्ला संसदेने ऐकावा, अशी व्यवस्था घटनेत असावी का, यावर देशभर मतदान झालं. शंभरातल्या साठांनी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी आंटी तलावावर आली, नेहमीच्या जागी बसली. मतदानाबद्दल चकार शब्द काढला नाही.

एकदा विचारलं तिला, तू गरम पाण्यात का बसत नाहीस? तुलाच खरी गरज. म्हणाली, ‘या तिघांवर लक्ष कोण ठेवणार? एक जरी पडला, हात मोडला, तर दवाखान्यात लिहून घेतील, आजीचं लक्ष नसतं.’

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी म्हटलं, आज तू जा, मी बसते इथे. हो-नाही करत गेली. मी पोरांवरून नजर हलवली नाही, मला पोहताही येत नाही खरं तर! पाण्यात बसूनही तिचं तोंड आमच्याकडेच. पंधरा मिनिटांत बाहेर आली. म्हणाली, ‘बास. पोरांना भूक लागली असेल.’