थार घेतली म्हणजे मनालीच्या बर्फात गाडी घसरणार नाही का?

डिसेंबर आला की इन्स्टावर दोन प्रकारचे रील्स सुरू होतात. एकात अटल टनेलच्या तोंडाशी बर्फात ऐटीत उभी असलेली एसयूव्ही असते. दुसऱ्यात तशीच एखादी एसयूव्ही सोलंगच्या उतारावरून आडवी घसरत येते आणि लोक ओरडत बाजूला पळतात.

२७ डिसेंबर २०२४ ला सोलंग नाला भागात जोरदार बर्फ पडला. हजारभर गाड्या अडकल्या आणि कुल्लू पोलिसांनी सुमारे ५ हजार पर्यटकांना बाहेर काढलं. बर्फ वाढला की पोलिस साध्या गाड्या खालीच अडवतात. फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात.

त्यामुळे पुण्यात नवी गाडी बघणाऱ्यांच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. वर्षातून एकदा हिमाचल करायचंच आहे, तर मग थेट फोर बाय फोरच घ्यायची का?

थोडक्यात उत्तर: फोर बाय फोर तुम्हाला बर्फात निघायला आणि चढायला मदत करते. थांबायला नाही. आणि अपघात बहुतेक वेळा थांबता न आल्यामुळे होतात.

म्हणजे नेमकं काय?

साध्या गाडीत इंजिनची ताकद दोनच चाकांना जाते. बर्फावर ती दोन चाकं जागेवरच फिरायला लागली की गाडी अडकली. चारही चाकांना ताकद मिळाली तर एखाद्या तरी चाकाला पकड सापडते आणि गाडी पुढे सरकते.

पण ब्रेकचं काय? ब्रेक तर अल्टोलाही चारही चाकांना असतात. तिथे फोर बाय फोरचा काही फायदा नाही. तिथे कामाला येते ती फक्त टायरची पकड.

एक साधा हिशोब बघा. ताशी ४० किलोमीटर वेगात ब्रेक दाबला, तर कोरड्या डांबरावर गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर त्यालाच ३० मीटरच्या वर लागतात. काचेसारख्या गोठलेल्या थरावर ६० मीटरच्या वर, म्हणजे पाच पीएमपी बस एकामागे एक उभ्या केल्या एवढं अंतर. त्यात फोर बाय फोर गाडी चढावर सहज चढते, म्हणून ड्रायव्हरला वाटतं सगळं कंट्रोलमध्ये आहे. खरी परीक्षा उतारावर होते.

मग खरा हिरो टायर आहे?

हो. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की आपल्याकडच्या नेहमीच्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं आणि पकड कमी होते. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. त्यावर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह असतं.

पुण्याहून जर्मनी किंवा कॅनडाला गेलेल्या कुणालाही विचारा. जर्मनीत रस्त्यावर बर्फ असेल तर असे टायर सक्तीचे आहेत. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च ते लावावेच लागतात. दोन्हीकडे कायदा टायरबद्दल बोलतो. गाडी किती चाकांवर चालते हे तो विचारत नाही.

पुण्यात हे टायर सहज मिळत नाहीत, आणि इथल्या उन्हात ते वापरण्यात अर्थही नाही. त्यामुळे आपल्यासाठी व्यवहार्य पर्याय म्हणजे साखळ्या.

शोरूममध्ये काय तपासायचं?

पहिली गोष्ट, गाडीचा आकार बघून फसू नका. डिझेल हॅरिअर दिसायला दणकट आहे, पण ती पुढच्या दोन चाकांवर चालते. क्रेटामध्ये 'स्नो' मोड मिळतो, पण तीही पुढच्याच चाकांवर चालते. मोडमुळे चाक घसरणं आवरतं, मागच्या चाकांना ताकद मिळत नाही.

दुसरी गोष्ट, व्हेरिअंट विचारा. नाशिकला बनणारी थार फोर बाय टूमध्येही मिळते. थार रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलला आहे.

तिसरी गोष्ट, सिस्टीम कुठली ते विचारा. थार, जिमनी, फॉर्च्युनर यांत ड्रायव्हरला स्वतः फोर बाय फोर लावावं लागतं. खोल बर्फ आणि खड्या चढासाठी त्यांचा लो गिअर भारी. पण कोरड्या डांबरावर फोर बाय फोर चालू ठेवलं तर वळताना गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो. ग्रँड विटारा किंवा हायरायडरचं ऑल व्हील ड्राइव्ह व्हर्जन, संभाजीनगरला जुळणी होणारी कोडियाक, यांत गाडी स्वतःच ताकद वाटते. थोडं डांबर, थोडा बर्फ अशा रस्त्यावर हे सोयीचं पडतं.

खिशाचं गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. त्यामुळे थारच्या १.५ लिटर डिझेल फोर बाय टूवर १८ टक्के कर आहे, तर २.२ लिटर डिझेल फोर बाय फोरवर ४० टक्के. पुण्यात बनणारी हॅरिअर ईव्ही चारही चाकांवर चालणाऱ्या व्हर्जनमध्ये मिळते आणि ईव्हीवर कर फक्त ५ टक्के आहे. पण थंडीत बॅटरीची रेंज घटते आणि पुणे ते मनाली अंतर सुमारे २ हजार किलोमीटर आहे, हे विसरू नका.

मग घ्यायची की नाही?

पावसाळ्यात मुळशी-भोरकडच्या चिखलातून शेतावर जाणं असेल, दरवर्षी हिमालयात गाडी न्यायची असेल, तर फोर बाय फोर जरूर घ्या. वर्षभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्येच उभं राहायचं असेल आणि बर्फ फक्त चार दिवस बघायचा असेल, तर ते पैसे वाचवा. मनालीपर्यंत जा आणि वरच्या टप्प्यासाठी तिथली गाडी आणि तिथलाच ड्रायव्हर घ्या. त्याला त्या रस्त्याची सवय असते.

स्वतःची गाडी नेणारच असाल तर एवढं करा:

• आपल्या टायरच्या मापाच्या साखळ्या घ्या आणि त्या लावण्याची प्रॅक्टिस पुण्यातच, पार्किंगमध्ये करा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्या पुढच्या चाकांना लावतात.
• कूलंटमध्ये नुसतं पाणी भरलेलं असेल तर निघण्याआधी बदलून घ्या. पाणी गोठलं की इंजिनला तडा जाऊ शकतो.
• रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठून अडकतो. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा.
• उतारावर पहिला-दुसरा गिअर ठेवा, ब्रेक हलका दाबा, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा.

आणि पोलिसांनी "मागे फिरा" सांगितलं तर फिरा. मागे फोर बाय फोरचा बॅज असला तरीही.