आज्ञेचं टोपणनाव

चंडीगडमध्ये ऑटोवाल्याला ‘पोस्टग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल एज्युकेशन अँड रिसर्चला सोडा’ असं सांगितलंत, तर तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल. ‘पीजीआय’ म्हणा, लगेच ऑटो वळेल. १९६२ पासूनच्या या हॉस्पिटलचं पूर्ण नाव फक्त केसपेपरवर वाचायला मिळतं. तसंच सेक्टर १७ चं. इथले पंजाबी लोक त्याला ‘सतारां’ म्हणतात आणि नव्याने आलेल्या मराठी माणसाला वाटतं, हे सगळे संध्याकाळी साताऱ्याला कशाला जातात?

लांबलचक नावाला आपल्या सोयीचं छोटं नाव देणं ही माणसाची जुनी खोड आहे. कॉम्प्युटरलाही ती आपणच लावली. तिथे तिला ‘एलियस’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘दुसऱ्या वेळी’ असा. आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेला ‘उर्फ’ नेमकं हेच काम करतो. राम गणेश गडकऱ्यांचंच बघा ना. कविता लिहिताना ते गोविंदाग्रज, विनोदी लेख लिहिताना बाळकराम. माणूस एक, पण कुठलं काम चाललंय ते नावावरून कळतं. एलियसचंही असंच असतं.

आधी ‘शेल’ म्हणजे काय ते थोडक्यात. काही कॉम्प्युटरवर चित्रांवर बोट ठेवण्याऐवजी शब्द टाइप करून काम सांगितलं जातं. त्या काळ्या खिडकीला टर्मिनल म्हणतात आणि आपण लिहिलेली ओळ वाचून काम करून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्सचा जन्म झाला, तेव्हा टाइप करायला टेलिटाइप नावाची यंत्रं होती. ती सेकंदाला साधारण १० अक्षरं छापायची. म्हणून तिथल्या आज्ञा आखूडच राहिल्या. यादी दाखवायला ‘एलएस’, पुसून टाकायला ‘आरएम’, जागा बदलायला ‘सीडी’. तरी पुढे आज्ञांना शेपट्या जोडल्या जाऊ लागल्या आणि ओळी लांबल्या. मग बर्कलीत बिल जॉय याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘सी शेल’ लिहिला, त्यात ज्याला त्याला आपापली टोपणनावं ठेवायची सोय आली. आज लिनक्सवरच्या ‘बॅश’मध्ये आणि मॅकवरच्या ‘झेडशेल’मध्येही ती आहे.

आणि तुमच्या फोनवरही. अँड्रॉइडवर ‘टर्मक्स’ हे मोफत ॲप घेतलं की खराखुरा शेल हातात येतो. लॅपटॉप नाही म्हणून अडायला नको. कॉलेजातल्या मुलांनी तर जरूर करून बघावं.

पद्धत सोपी आहे. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देते आहे, टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहायच्या:

एलियस एलएल='एलएस -एल'

आता नुसतं ‘एलएल’ लिहून एंटर दाबलं की ‘एलएस -एल’ चालतं, म्हणजे फायलींची तपशीलवार यादी येते. बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे मोकळी जागा सोडायची नाही, नाहीतर शेलला ते तीन वेगळे शब्द वाटतात आणि तो कुरकुरतो. शाळेत शब्दांमध्ये अंतर ठेवायला शिकलेल्या हाताला हे जरा जड जातं.

गंमत म्हणजे टोपणनाव इंग्रजीतच हवं अशी अट नाही. बॅशमध्ये मराठी नावं चालतात. खालच्या तीन ओळींत बरोबरच्या चिन्हाआधीचा शब्द खरोखर देवनागरीतच टाइप करायचा:

एलियस आवर='क्लिअर'
एलियस कुठे='पीडब्ल्यूडी'
एलियस फोटो='सीडी ~/स्टोरेज/डीसीआयएम'

‘आवर’ म्हटलं की स्क्रीन साफ. ‘कुठे’ म्हटलं की आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते कळतं. ‘फोटो’ म्हटलं की थेट कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये. (टर्मक्समध्ये त्याआधी एकदा ‘टर्मक्स-सेटअप-स्टोरेज’ ही आज्ञा देऊन परवानगी द्यावी लागते.) काही टर्मिनलमध्ये काना-मात्रा विस्कटलेल्या दिसतात, पण काम होतं. ‘आवर’ म्हटल्यावर निमूट आवरणारं घरात दुसरं कोणी असेल असं मला वाटत नाही.

एवढं करून खिडकी बंद केलीत की सगळी नावं पुसली जातात. शेल ती तेवढ्यापुरतीच लक्षात ठेवतो. कायमची हवी असतील तर आपल्या घरच्या फोल्डरमधल्या ‘.बॅशआरसी’ नावाच्या फाइलीत (मॅकवर ‘.झेडएसएचआरसी’) त्याच ओळी लिहून ठेवायच्या. शेल उघडताना ती फाइल वाचतो. नुसतं ‘एलियस’ लिहिलं की ठेवलेल्या सगळ्या नावांची यादी येते, आणि ‘अनएलियस’पुढे नाव लिहिलं की ते नाव जातं. टोपणनावाच्या मधोमध काही घालायची सोय नाही. पुढे लिहिलेलं सगळं शेवटी जोडलं जातं. मधे घालायचं असेल तर ‘फंक्शन’ शिकावं लागतं, ते पुन्हा कधीतरी.

ज्यांना टर्मिनलशी काही देणंघेणं नाही त्यांच्यासाठी: फोनच्या कीबोर्डमध्येही याची धाकटी बहीण आहे. अँड्रॉइडच्या जीबोर्डमध्ये ‘पर्सनल डिक्शनरी’ आणि आयफोनमध्ये ‘टेक्स्ट रिप्लेसमेंट’. तिथे ‘पत्ता’ या शब्दापुढे घराचा पूर्ण पत्ता भरून ठेवा. पुढच्या वेळी ‘पत्ता’ लिहिलं की अख्खा पत्ता समोर येईल. आजी-आजोबांच्या फोनवर हे पाच मिनिटांत करून देता येतं, आणि त्यांचे रोजचे चार निरोप सोपे होतात.

पण या दोन बहिणींत एक मोठा फरक आहे. कीबोर्ड पूर्ण मजकूर आधी तुमच्या डोळ्यांसमोर ठेवतो, मग तुम्ही पाठवता. शेल तसं करत नाही. एंटर दाबलं की तो मनातल्या मनात अदलाबदल करतो आणि थेट कामाला लागतो. टोपणनावाचा अर्थ तुम्हाला वाटतो तोच आहे, हे तुम्हालाच माहीत असावं लागतं.

इथे ‘आरएम’ची गोष्ट सांगायला हवी. ही आज्ञा फाइल पुसते. कचऱ्याच्या डब्यात टाकत नाही, पुसतेच. टर्मक्समधून फोनमधला फोटो ‘आरएम’ने पुसला तर गॅलरीच्या ‘ट्रॅश’मध्ये तो सापडत नाही. आज्ञेला ‘-आय’ ही शेपटी लावली की ती प्रत्येक फायलीआधी ‘पुसू का?’ विचारते. म्हणून अनेक जण ‘आरएम’ याच नावाला ‘आरएम -आय’चं टोपणनाव करून ठेवतात. रेड हॅट घराण्याच्या लिनक्सवर तर मुख्य वापरकर्त्यासाठी हे आधीपासूनच करून दिलेलं असतं. उबुंटूवर नसतं.

आता कल्पना करा, एखादी मुलगी दोन वर्षं रेड हॅटवर काम करते आहे. तिच्या बोटांना सवय लागली आहे: आधी ‘आरएम’ टाइप करायचं, मग प्रश्न येईल तेव्हा विचार करायचा. नवीन नोकरीत समोर उबुंटू येतो. ती तशीच ओळ लिहून एंटर दाबते आणि प्रश्नाची वाट बघते. प्रश्न येतच नाही. फोल्डर रिकामं झालेलं असतं.

चूक तिच्या बोटांची म्हणता येणार नाही. तिला लागलेली सवय ‘आरएम’ची नव्हती, एका मशीनवरच्या टोपणनावाची होती. ‘पीजीआय’ म्हटलं की चंडीगडात एक हॉस्पिटल, लखनौमध्ये दुसरं, रोहतकमध्ये तिसरं. तिन्ही ठिकाणी ऑटोवाला बिनधास्त निघेल, कारण त्याच्या गावात त्या नावाचा अर्थ पक्का आहे. पेशंटची फाइल कुठल्या हॉस्पिटलात आहे ते बसणाऱ्याने सांगायचं.

म्हणून माझं मत असं की, जुन्या आज्ञेच्या नावाचा अर्थ बदलू नये. नवं नाव ठेवावं. मराठीत तर त्यासाठी तयार शब्द आहे:

एलियस पूस='आरएम -आय'

‘पुसणे’ म्हणजे मिटवणे, आणि जुन्या मराठीत, गावाकडे अजूनही, ‘पुसणे’ म्हणजे विचारणे. ही आज्ञा दोन्ही करते, आधी पुसते आणि मग पुसते! सवय ‘पूस’ची लागली की परक्या मशीनवर काय होईल? शेल म्हणेल, अशी आज्ञा मला माहीत नाही. बस्स. फाइल जागच्या जागी राहील. हाच नियम ‘सीपी’ आणि ‘एमव्ही’ यांनाही लावावा, कारण कॉपी करताना किंवा हलवताना त्याही जुन्या फायलीवर गुपचूप नवी चढवतात.

‘एलएस’ला रंगीत करणं वगैरे चालेल. रंग गेला तर काही बिघडत नाही. सुरक्षिततेची गोष्ट वेगळी.

दुसऱ्याच्या मशीनवर बसलात, तर पुसापुशी करण्याआधी ‘टाइप आरएम’ एवढं लिहून एंटर दाबा. ‘टाइप’ ही शेलचीच आज्ञा आहे, ती नावामागचं खरं रूप सांगते. उत्तरात ‘एलियस’चा उल्लेख आला तर कोणीतरी अर्थ बदलून ठेवला आहे, आणि काय ठेवला आहे तेही तिथेच दिसेल. नुसता फायलीचा पत्ता आला तर ती मूळ आज्ञा आहे, आणि ती शक्यतो न विचारताच पुसेल. बॅशमध्ये टोपणनाव टाळून मूळ आज्ञाच हवी असेल, तर नावाआधी एक उलटी तिरकी रेघ द्यायची, की शेल टोपणनावाकडे बघत नाही.